झाडाझडतीचे गद्य : बाबा पदमनजी वाचण्यापूर्वी

बाबा पदमनजी हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत किंवा स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका ओळीत वाचलेले असते. मराठीतील पहिली कादंबरी ‘यमुनापर्यटन’, वर्ष १८५७, लेखक बाबा पदमनजी. ओळ पाठ होते, एक गुण मिळतो आणि माणूस तिथेच राहतो. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी आणि ग्रंथालयात नेमाने येणाऱ्या वाचकांनी त्या ओळीमागचा माणूस, त्याची पुस्तके आणि ज्या परंपरेने त्याला घडवले ती परंपरा यांच्याकडे वळावे, म्हणून ही प्रस्तावना लिहिली आहे. एकोणिसाव्या शतकातल्या धर्मोपदेशकांचे मराठी गद्य हे अभ्यासाचे मोठे क्षेत्र आहे. त्याची सुरुवात बाबांपासून करावी असे मी सर्वांना आग्रहाने सांगत आले आहे.

आग्रहाचे कारण आधीच सांगते. स्वतःच्या मनाची झाडाझडती घ्यायची आणि जे सापडेल ते साध्या गद्यात, छापून, चारचौघांपुढे ठेवायचे, ही रीत मराठीत ज्यांनी रुजवली त्यांत बाबा पदमनजी पहिल्या रांगेत आहेत. ही रीत त्यांच्यापर्यंत इंग्लंडच्या प्युरिटन उपदेशकांच्या पुस्तकांतून आली, आणि तिला इथे जी जमीन मिळाली ती पोथ्या-अभंगांनी आधीच नांगरलेली होती, असे माझे मत आहे. धर्म बदललेला लेखक म्हणून आपण त्यांना मराठी गद्याच्या इतिहासात उंबरठ्यावरच बसवून ठेवले. त्यात नुकसान वाचकांचे झाले.

प्युरिटन हे नाव आपल्याकडे फारसे परिचयाचे नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्लंडमधल्या ज्या लोकांना आपल्या चर्चमधले सोपस्कार, धर्माधिकाऱ्यांचा थाट आणि ठरावीक प्रार्थनांची घोकंपट्टी नकोशी झाली, त्यांना हे नाव पडले. त्यांचे म्हणणे असे, की बायबल प्रत्येकाने स्वतःच्या भाषेत स्वतः वाचावे, उपदेश साध्या बोलीत व्हावा, आणि देवापुढे प्रत्येक जण एकटाच उभा असतो हे जाणून रोजच्या रोज आपल्या मनाचा हिशोब ठेवावा. अनेकांनी हा हिशोब खरोखरच वहीत लिहून ठेवला. प्रार्थनेत मन कुठे भटकले, पोराच्या दुखण्यात श्रद्धा कशी डळमळली, शेजाऱ्याचा हेवा कधी वाटला, असे सगळे. वृत्तीने ही माणसे कडक होती. नाटक, जुगार, सणांचा जल्लोष त्यांना खपत नसे, आणि सत्ता हाती आली तेव्हा आपला कडकपणा इतरांवर लादायलाही त्यांनी कमी केले नाही. त्यांचा तो हट्ट आज कुणाला आवडणार नाही. पण स्वतःकडे इतक्या जवळून पाहणारे गद्य युरोपात फुलले त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

त्यांच्यातला सर्वांत जास्त वाचला गेलेला लेखक जॉन बन्यन. जन्म १६२८ चा, बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावातला. बाप भांडी दुरुस्त करणारा, आणि मुलगाही तोच धंदा करीत गावोगाव हिंडे. शाळा जेमतेम झालेली. यादवी युद्धात तो पार्लमेंटच्या फौजेत काही काळ शिपाई होता. पुढे परवान्याशिवाय उपदेश करू लागला, म्हणून राजेशाही परत आल्यावर १६६० मध्ये त्याला पकडले. उपदेश थांबवतो एवढे कबूल केले असते तर सुटला असता. त्याने ते केले नाही आणि सुमारे बारा वर्षे बेडफर्डच्या तुरुंगात काढली. घरी बायको, लेकरे, त्यातली एक मुलगी आंधळी. तुरुंगात बसून तो नाड्या तयार करी आणि त्या पैशावर घर चाले. तुरुंगात असतानाच, १६६६ मध्ये, त्याचे आध्यात्मिक आत्मनिवेदन छापले गेले. १६७८ मध्ये ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ आले. पाठीवर पापाचे ओझे घेतलेला एक माणूस घर सोडून स्वर्गनगरीकडे चालत निघतो, वाटेत दलदल लागते, बाजार लागतो, राक्षसाचा किल्ला लागतो, अशी ती रूपककथा. १६८४ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात त्याची बायको आणि मुले त्याच वाटेने निघतात. १६८८ मध्ये बन्यन लंडनमध्ये वारला तेव्हा ते पुस्तक कष्टकऱ्यांच्या घराघरात पोचलेले होते.

इथे मराठी वाचकाने एक तारीख मनाशी धरावी. बन्यनच्या जन्माच्याच सुमारास, १६२८ मध्ये, वेरूळजवळच्या देवगावात बहिणाबाईंचा जन्म झाला. लहानपणीच बिजवराशी लग्न, घर सोडून भटकंती, कोल्हापुरात जयरामस्वामींचे कीर्तन, वासरू गेल्याचा धक्का, स्वप्नात तुकोबांचा उपदेश, शूद्राला गुरू केले म्हणून नवऱ्याचा मार, मग देहू. हे सगळे त्यांनी स्वतः अभंगांत सांगितले आहे, आणि ते सांगताना स्वतःच्या मनाला कुठेही सूट दिलेली नाही. बेडफर्डच्या भांडी सांधणाऱ्याला आणि देवगावच्या या बाईला एकमेकांचा पत्ता असणे शक्यच नव्हते. तरी दोघेही एकच काम करत होते: शास्त्र्यांच्या परवानगीशिवाय आपल्या अनुभवाची साक्ष देणे. बाबा पदमनजींच्या लेखनात जे आले ते सगळे विलायतेहून आले, असे म्हणणाऱ्यांनी आधी बहिणाबाईंचे आत्मनिवेदन उघडून पाहावे.

फरक आहे तो गद्याचा. आपल्याकडे असे बोलणे अभंगात होत असे, ओवीत होत असे. गद्य हे बखरींचे, पत्रांचे, महजरांचे होते. एक ठळक अपवाद मात्र आपल्या अगदी जवळचा आहे. खोपोलीचे तळे आणि त्याच्या काठचे महादेवाचे देऊळ ज्यांनी बांधले, त्या नाना फडणवीसांनी आपल्या आयुष्याच्या सुरुवातीच्या काळाचा, पानिपतापर्यंतचा, एक छोटासा वृत्तांत गद्यात लिहिला. त्यात तरुण वयातल्या वासनांची आणि मोहांची कबुली आहे. पेशवाईचा एवढा धोरणी, हिशोबी कारभारी, आणि स्वतःविषयी लिहायला बसल्यावर आपली दुबळी बाजू लपवत नाही, हे वाचून मी दर वेळी थबकते. खोपोलीच्या तळ्यावरून रोज जाणाऱ्या मुलामुलींना हे कुणी सांगत नाही याचे मला वाईट वाटते.

प्युरिटनांचा वारसा मराठीपर्यंत आला तो अमेरिकेमार्गे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन तरुण मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांना पाठवणारे मंडळ न्यू इंग्लंडमधल्या काँग्रिगेशनल चर्चांनी उभे केलेले होते, आणि ही चर्चे म्हणजे अटलांटिक ओलांडून गेलेल्या प्युरिटनांचे थेट वंशज. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापले तेव्हा त्यांनी ओवी पत्करली होती. अमेरिकन मंडळींची मुख्य भिस्त मात्र गद्यावर, पत्रकांवर आणि छापखान्यावर होती. त्यांच्या मुंबईच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांनी मराठी टाइप घडवला. पंचांगे छापणारे गणपत कृष्णाजी याच छापखान्यात तयार झाले, आणि ‘निर्णयसागर’ छापखाना काढणारे जावजी दादाजी लहानपणी इथेच काम शिकले. ज्या हातांनी पुढे सुबक संस्कृत ग्रंथ आणि पंचांगे घरोघर पोचवली, ते हात धर्मप्रसाराच्या चोपड्या जुळवताना तरबेज झाले होते. १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ याच मिशनचे.

बन्यनही याच लाटेबरोबर मराठीत आला. १८४१ मध्ये हरि केशवजी यांनी त्याच्या रूपककथेचे ‘यात्रिकक्रमण’ या नावाने भाषांतर केले. हरि केशवजी पाठारे प्रभू होते, ख्रिस्ती नव्हते. रसायनशास्त्रावर आणि पदार्थविज्ञानावर संवादरूपाने मराठी पुस्तके लिहिणारा हा भाषांतरकार, एका इंग्रज तुरुंगवाशाच्या पुस्तकावर तितक्याच निष्ठेने बसला. मराठीत लांबलचक कल्पित कथा गद्यात सांगण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न. वारीची सवय असलेल्या वाचकाला ओझे घेऊन चालणारा यात्रेकरू परका वाटायचे कारण नव्हते. मराठी कादंबरीच्या दोन आद्य पुस्तकांत, ‘यात्रिकक्रमण’ आणि ‘यमुनापर्यटन’ या दोन्हींत, कथा प्रवासावरच उभी आहे, हे मला फार बोलके वाटते.

प्रवासाची गोष्ट निघाली आहे तर आपल्या मुलखाकडे वळू या. त्या काळी कर्जत ठाणे जिल्ह्यात मोडे. मुंबई आणि पुणे ही या नव्या विचारांची दोन मोठी ठाणी, आणि त्यांना जोडणारी वाट खालापूर-खोपोलीवरून बोरघाट चढून जाई. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम यांच्या कारकिर्दीत घाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला. १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली. आज कर्जतहून खोपोलीला जी लोकल जाते, तिच्या रुळांची वाट त्याच वेळची. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला घाट १८६३ पर्यंत रुळाविना होता. म्हणजे ‘यमुनापर्यटन’ निघाले त्या सुमारास मुंबईहून पुण्याला जाणाऱ्याला खोपोलीत उतरून पालखीने, तट्टाने, बैलगाडीने किंवा पायी घाट चढावा लागे. मिशनरी, शास्त्री, सुधारक, शाळाखात्याचे पंतोजी आणि पुस्तकांचे गठ्ठे हे सगळे या वाटेने गेले. मराठीच्या या पर्वात मुंबई-पुण्याची नावे सारखी येतात आणि मधला मुलूख कोरा राहतो. तो कोरा नव्हता. मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८४३ मध्ये उत्तर कोकणातल्या वारली आणि काथोडी म्हणजे कातकरी लोकांवर एक लेख प्रसिद्ध केला. आपल्या वाड्या-पाड्यांवरच्या कातकऱ्यांविषयी इतक्या आधी लिहिले गेलेले फार थोडे सापडते. त्यात बाहेरच्या माणसाची आणि धर्मप्रसारकाची नजर आहे, हे ध्यानात ठेवून तो लेख वाचायला हवा, पण वाचायला हवा.

आता बाबा. मे १८३१ मध्ये बेळगावात जन्म, आडनाव मुळे, जात कासार. भांडी सांधणाऱ्या बन्यनशी धंद्याचे हे जवळपण योगायोगाचे आहे, तरी ते मला आवडते. घर भाविक. पोथ्या, व्रते, देवपूजा यांत मुलगा वाढला, आणि मनापासून वाढला. बेळगावच्या मिशन शाळेत शिकला, पुढे मुंबईला आला आणि फ्री चर्चच्या संस्थेत दाखल झाला. तिथे विल्सन आणि मरी मिचेल यांच्यासारखे शिक्षक होते. ते दिवस मुंबईत मोठ्या घालमेलीचे होते. १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर आदींनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडायचा, पण गुपचूप. सभासद एकत्र जमून पाव खात आणि बाहेर कुणाला कळू देत नसत. बाबा या सभेत होते. सभेविषयी आज आपल्याला जे माहीत आहे त्यातला बराच भाग त्यांच्याच लेखनातून आला आहे. गुप्तपणे सुधारणा करणे त्यांना पुरेना. जे पटले ते उघड केले पाहिजे, हा ध्यास त्यांच्यात प्युरिटनाइतकाच तीव्र होता. १८५४ मध्ये त्यांनी बेळगावला बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी असे पाऊल उचलणे म्हणजे काय, हे आज समजून घ्यायला थोडी कल्पनाशक्ती लागते. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला होता, पण घरातल्या ताटाचा हक्क कुठला कायदा राखणार? जेवणाची पंगत, देवघर, आईचा हात, सगळे एका दिवसात परके होई. हा दुखरा भाग ‘अरुणोदय’ या १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात बाबांनी लिहिला. मराठीतल्या सुरुवातीच्या छापील आत्मचरित्रांत ते मोडते. दादोबांचे आत्मचरित्र लिहिलेले आधीचे, पण ते अ. का. प्रियोळकरांच्या संपादनाने १९४७ मध्ये लोकांसमोर आले.

‘अरुणोदय’ची खरी ताकद कुठे आहे? मला ती बेळगावच्या भागात दिसते. धर्म सोडलेला माणूस मागे वळून पाहतो तेव्हा सोडलेल्या गोष्टींची टिंगल करणे सोपे असते. बाबा जुन्या श्रद्धेवर टीका करतात, कधी कठोर टीका करतात. तरी लहानपणी त्या श्रद्धेत आपण किती रमलो होतो, हे ते झाकत नाहीत. घरातले सोवळे, सणवार, पोथीवाचन यांचे त्यांनी केलेले वर्णन इतके बारीक आहे की एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या मराठी घराचा अभ्यास करणाऱ्याला ते सोडून पुढे जाता येणार नाही. आपण तेव्हा कशाला भ्यालो, कुठे ढोंग केले, कोणत्या क्षणी पाय मागे घेतला, हे सांगताना लेखणी अडखळत नाही. बन्यनच्या आत्मनिवेदनात सैतानाशी झटापट आहे, गर्जना आहे. बाबांचा सूर कितीतरी खालचा आहे. शाळेतल्या मित्रांशी झालेले वाद, रात्रीची वाचने, मनातली चलबिचल, यांतून त्यांचे परिवर्तन हळूहळू होते. त्यांचे शिक्षक मरी मिचेल यांच्या संपादनाने ‘अरुणोदय’चा इंग्रजी अवतारही दोन वर्षांत निघाला.

‘यमुनापर्यटन’ लिहिले तेव्हा बाबा पंचविशीत होते. आदल्याच वर्षी, जुलै १८५६ मध्ये, विधवाविवाहाचा कायदा झाला होता. पण कायदा झाला म्हणून डोईवरचे केस वाचत नव्हते. यमुना आणि तिचा नवरा विनायकराव प्रवासाला निघतात आणि गावोगावी विधवांच्या हकिगती त्यांच्या कानी पडतात. पुढे यमुनाच विधवा होते. ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. कादंबरी म्हणून तिच्यात उणिवा भरपूर आहेत. पात्रे लेखकाचे विचार बोलतात, संवादांना प्रवचनाचा वास येतो, आणि शेवटाकडे कथा कुठे जाणार हे आधीच कळते. तरीही तिच्यानंतर चार वर्षांनी आलेली हळब्यांची ‘मुक्तामाला’ आणि आणखी काही वर्षांनी आलेली रिसबुडांची ‘मंजुघोषा’ शेजारी ठेवून पाहा. तिथे राजवाडे, संकटे, अद्भुत सुटका यांची रेलचेल आहे. इथे न्हाव्यापुढे बसवलेली कोवळी मुलगी आहे, सासरच्या कोनाड्यात दिवस काढणारी बाई आहे. एका पुरुषाने बायकांचे बोलणे कान देऊन ऐकले आणि ते कादंबरीच्या मध्यभागी ठेवले. बाप्तिस्म्याच्या आधीच, १८५२ मध्ये, त्यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध लिहिला होता, तेव्हा हा कान त्यांना मिशनने दिलेला नव्हता असे म्हणायला जागा आहे.

त्यांचे इतर काम मी भरभर सांगते. त्यांनी शंभराच्या आसपास लहानमोठी पुस्तके लिहिली. ‘शब्दरत्नावली’ हा कोश केला, मोल्सवर्थच्या थोरल्या मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्ती १८६३ मध्ये तयार केली, ‘सत्यदीपिका’ हे नियतकालिक चालवले, नव्या करारावर टीका लिहिली. काही वर्षे पुण्यात शिकवले, तिथे पाळक म्हणून काम केले, उत्तरायुष्य मुंबईत पुस्तके तपासण्या-लिहिण्यात घालवले. २९ ऑगस्ट १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. कोशकार बाबांकडे अभ्यासकांचे लक्ष फारच कमी गेले आहे. ज्याच्या हाताखालून मोल्सवर्थचे शब्द एकेक करून गेले, त्याच्या गद्यावर त्या कामाचा काय परिणाम झाला, हा एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी घ्यावा असा प्रश्न आहे.

त्यांच्या वादाच्या पुस्तकांविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. १८६७ मध्ये त्यांनी कृष्ण आणि ख्रिस्त यांची तुलना लिहिली. असली पुस्तके पक्षपाती आहेत, आणि श्रद्धाळू वाचकाच्या मनाला ती लागतील. ती टाळावीत असे मी म्हणणार नाही, पण एकटी वाचू नयेत. त्यांच्या जोडीला आपल्याच रायगड जिल्ह्याचा एक माणूस वाचावा: विष्णुबुवा ब्रह्मचारी. मूळ नाव विष्णू भिकाजी गोखले, १८२५ चा जन्म, माणगाव तालुक्यातले शिरवली हे गाव. कस्टम खात्यातली नोकरी सोडून त्यांनी सप्तशृंगीला तप केले आणि मग गावोगाव व्याख्याने देत मुंबई गाठली. १८५७ च्या जानेवारीपासून मेपर्यंत गिरगावच्या चौपाटीवर त्यांचे मिशनऱ्यांशी जाहीर वाद झाले. समोर जॉर्ज बोवेन होते. मिशनचा पगार नाकारून बाजारपेठेतल्या एका लहान जागेत वर्षानुवर्षे राहिलेला हा अमेरिकन खऱ्या अर्थाने प्युरिटन वृत्तीचा होता. या वादांचा वृत्तांत बोवेन यांनीच प्रसिद्ध केला. ब्रह्मचारी आणि विरक्त मिशनरी, दोघेही अपरिग्रही, दोघेही आपल्या सत्याविषयी निःशंक, आणि भोवती उभी असलेली गर्दी. ज्या वर्षी उत्तरेत बंड पेटले त्याच वर्षी मुंबईच्या वाळूवर हा वाद होत होता आणि त्याच वर्षी ‘यमुनापर्यटन’ छापखान्यात होते. १८५७ कडे पाहण्याची ही एक वेगळी बाजू आहे.

विष्णुबुवांचा ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ १८५९ चा. त्याहून विलक्षण आहे तो १८६७ चा ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’. सगळी जमीन सगळ्यांची, पिकेल ते गावाच्या कोठारात, ज्याला जे लागेल ते तिथून न्यावे, अशी राज्यव्यवस्था त्यात मांडली आहे. वेदांचा कैवारी म्हणून ज्याला आपण ओळखतो त्याने समतेचा इतका धीट आराखडा मराठीत लिहिला. १८७१ मध्ये ते गेले. बाबा आणि बुवा यांच्यात धर्माचे भांडण होते. पण लोकांना समजेल अशा मराठीत, छापून, नावानिशी मांडायचे आणि उत्तर येईल ते ऐकायला उभे राहायचे, यावर दोघांचा विश्वास सारखाच होता. या क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्याने एकाच बाजूचे कपाट उघडू नये, असे मी का म्हणते ते यावरून कळावे.

वारशाचा धागा पुढे कुठे कुठे गेला? पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी १८५५ च्या ‘तृतीय रत्न’ नाटकात पाद्र्याचे पात्र आणले. १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली, त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ आले. १८९० पासून हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः छापायला घेतली, आणि तिची नायिका, जी आपली कहाणी आपल्या तोंडाने सांगते, तिचे नावही यमुनाच. हरिभाऊंनी हे नाव बाबांची कादंबरी मनात धरून ठेवले असा दावा मी करत नाही. मात्र पहिल्या यमुनेविषयी लेखक बोलतो आणि दुसरी स्वतः बोलते, या तीस-पस्तीस वर्षांच्या अंतरात मराठी गद्य जे शिकले ते फार मोठे आहे. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. धर्मांतराने फाटलेले घर, रडू, राग, आणि त्यातूनच उमलणारे हसू, हे लक्ष्मीबाईंनी जसे लिहिले तसे बाबांना लिहिता आले नसते. बाबांच्या गद्याला विनोद ठाऊक नाही. पण घर फाटल्याची हकीकत छापील पानावर सांगता येते, हे बाबांनी आधी दाखवून दिले होते.

उपदेशाचा धागा कीर्तनाकडेही गेला. मराठी ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन आपलेसे केले, टिळकांनी ते केले. आपल्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, किनाऱ्यावरच्या बेने इस्रायली यहुदी समाजात १८८० च्या दशकात बायबलमधल्या आख्यानांवर मराठी कीर्तने होऊ लागली. एक टाळ-चिपळी किती धर्मांच्या हाती गेली, याचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा, आणि तो रायगडातल्या कुणीतरी करायला हवा.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला सोबत भरपूर आहे. परमहंस सभेवर प्रियोळकरांचे पुस्तक आहे, बाबांच्या काळावर आणि कार्यावर के. सी. कऱ्हाडकरांचा ग्रंथ आहे, गंगाधर मोरजे यांनी ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा विस्तृत आढावा घेतला आहे, आणि अगदी अलीकडे, २०२१ मध्ये, दीप्रा दांडेकर यांनी बाबांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. या अभ्यासकांत मतभेद आहेत. बाबांना मिशनचा माणूस मानायचे की मराठी सुधारकांतला एक, हा त्यातला कळीचा प्रश्न. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, हे एव्हाना लक्षात आलेच असेल. वाचकाने मूळ पुस्तके वाचूनच आपला कल ठरवावा.

जुन्या मराठीला घाबरू नये. वाक्ये लांब आहेत, अनुस्वार जास्त आहेत, काही शब्द आज वापरातून गेले आहेत. मोठ्याने वाचले की बहुतेक अडचणी सुटतात, कारण हे गद्य कानासाठी लिहिलेले आहे. श्रावणात ज्यांच्या घरी ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ वाचला जातो, त्यांचा कान तर आधीच तयार आहे. चारसहा जणांनी जमून वाचावे. त्यात एखादे वारकरी घरातले असावे, एखादे ख्रिस्ती, एखादे कुठलाच देव न मानणारे, आणि वाडीवरचे कुणी येत असेल तर त्याच्यासाठी पुढची जागा ठेवावी. कुणाची श्रद्धा दुखावणारे पान आले तर ते ओलांडून जाऊ नये. तिथे थांबून बोलावे, आणि दुखावलेल्याला आधी बोलू द्यावे.

क्रम विचाराल तर पहिल्यांदा ‘अरुणोदय’मधला बालपणाचा भाग, त्याच्याबरोबर बहिणाबाईंचे आत्मनिवेदनाचे अभंग आणि नानांचा छोटा वृत्तांत. मग ‘यमुनापर्यटन’ सलग, शक्य तर दोनतीन बैठकांत. त्यानंतर चौपाटीवरचा वाद आणि विष्णुबुवांचा राज्यप्रकरणी निबंध. बन्यन सर्वांत शेवटी, हरि केशवजींच्या मराठीत. तोवर त्याचा यात्रेकरू ओळखीचा झालेला असेल आणि कोणत्या वाक्यात हरि केशवजींनी त्याला आपल्या वाटेवर आणले ते नेमके दिसू लागेल. ‘अरुणोदय’ची प्रत जवळच्या ग्रंथालयात नसेल तर ग्रंथपालांकडे मागणी नोंदवावी. चार वाचकांनी मागितलेले पुस्तक मागवायला ग्रंथपालांनाही आनंदच होतो.